बाकं गेली, चटया आल्या

२ तारीख, सोमवार

आजपासून पुन्हा लिहायला घेतलं. संग्रहालयात नोकरीला होतो तेव्हा एकेका मडक्यावर चार चार पानं लिहीत असे. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडेना. ही म्हणते, "अहो, भाजी निवडा, तेही कामच आहे."

आज मात्र घडलं. सकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली रोजची उपासना, संपल्यावर फादरनी मला थांबवून घेतलं. महिनाअखेरीला बिशप येणार आहेत. आपलं चर्च चालू ठेवायचं, की बंद करून पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये मिसळून टाकायचं, हे ते इथं येऊन ठरवणार. माणसं कमी झालीत, छत गळतंय, फादर एकटे पडलेत. दूधवाला उद्यापासून येणार नाही, असं सांगावं तशा आवाजात फादर हे सगळं सांगत होते.

मी आईला शब्द दिलाय. वडील गेले तेव्हा त्यांचा शेवटचा मिस्सा याच वेदीपुढे झाला, तिचाही इथेच व्हायला हवा. दर चार दिवसांनी विचारते, "लक्षात आहे ना रे?" वय झालंय, पण रोज सकाळी काठी टेकत चर्चला जाते. तिचं बाहेर जाणं म्हणजे तेवढंच. पुलापलीकडे तिला कोण ओळखतंय? तिथं म्हणे वर जायला लिफ्ट बसवलीय. चर्चला लिफ्ट. पुढे बोलायलाच नको.

फादरना म्हटलं, हे माझ्यावर सोपवा. फादर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

४ तारीख, बुधवार

दोन दिवस विचार केला आणि दुखणं सापडलं. आपण इथल्या मातीत रुजलोच नाही. गल्लीच्या त्या टोकाला विहार आहे. तिथं नेहमी गर्दी. का? तर ते लोक जमिनीवर बसतात. आणि आपण? बाकांवर, परक्या वस्तूवर. बाहेरून आलेल्या पाद्र्यांनी आपल्याला पाय लोंबकळत बसायला शिकवलं आणि आपण पिढ्यान् पिढ्या लोंबकळतोच आहोत.

ताबडतोब 'सांस्कृतिक अनुकूलन समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. सभासद फादर आणि ही. ही म्हणाली, "नाव घाला हवं तर, पण बैठकीला बोलावू नका." पहिली बैठक त्यामुळे फार सुरळीत पार पडली. फादर तेवढं म्हणाले, "आधी लोकांना विचारायचं का?" मी त्यांना समजावलं की संस्कृतीचं लोकांना विचारून चालत नाही, ती लोकांना सांगावी लागते.

जेवताना आईला सांगितलं तर म्हणते, "बाकं कुठली रे परकी? मागच्या गल्लीतल्या सुतारानं केलीत ती. तुझ्या वडिलांनी रंधा मारलाय त्यांना." तिचंही आता वय झालं. मी वाद घातला नाही.

६ तारीख, शुक्रवार

विहारात जाऊन आलो. तिथले सेक्रेटरी पूर्वी औषधाचं दुकान चालवायचे, म्हणून सगळे त्यांना औषधवाले म्हणतात. चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहतो, पण मनातलं बोलणं आजच झालं. त्यांचं दुःख ऐकून मी थक्क झालो. ते म्हणाले, "तुमच्याकडे बघा, कसे रांगेत बसतात. आमच्याकडे धम्मप्रवचन चालू असतं आणि पोरं लोळत असतात. बायका भिंतीला टेकून डुलक्या काढतात. जग कुठं चाललंय आणि आम्ही अजून चटईवर."

मी म्हटलं, "चटईच तर खरी." ते म्हणाले, "तुम्हाला बोलायला काय जातंय. आमचा विहार आधुनिक दिसायला नको?"

चहा थंड होईपर्यंत सगळं ठरलंही. आमची बाकं त्यांना, त्यांच्या चटया आम्हाला. पैशाचा विषयच नाही. विहाराचे भन्तेजी पलीकडे बसून एका म्हातारीचं ब्लडप्रेशर बघत होते. पट्टा सोडवता सोडवता म्हणाले, "ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारलंत का कुणी?" औषधवाल्यांनी मला डोळ्यानंच खुणावलं की मनावर घेऊ नका. भन्तेजी माणूस चांगले आहेत, पण परंपरेचा त्यांचा अभ्यास कमी दिसतो.

८ तारीख, रविवार

मिस्सा झाल्या झाल्या अदलाबदल केली. दोन हातगाड्या आणल्या होत्या. इकडून बाकं निघाली, तिकडून चटया, आणि ऐन गल्लीत दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या. अर्धा रस्ता बंद. समोरच्या हॉस्पिटलचा वॉचमन शिट्ट्या मारून दमला. पण मला त्या क्षणी फार धन्य वाटत होतं. दोन धर्म असे भर रस्त्यात भेटतात कुठं?

एक बारीकशी अडचण. चटया प्लॅस्टिकच्या निघाल्या. मागे परदेशी अक्षरांत काहीतरी छापलंय आणि बादलीत हात घातल्याचं चित्र आहे. कात्री घेऊन ती सगळी लेबलं मी स्वतः कापून टाकली.

शेवटचं बाक उचलताना आई तिथेच उभी होती. हमालांनी थोडं थांबावं म्हणून तिनं हात केला, बाकाच्या पाठीवरून तळवा फिरवला आणि मग म्हणाली, "न्या." म्हाताऱ्या माणसांना निर्जीव वस्तूंचा फार लळा.

११ तारीख, बुधवार

आई तीन दिवस घरातच आहे. अंग मोडून आलंय म्हणते. ताप नाही, खोकला नाही. खिडकीपाशी बसून रस्ता बघत असते. मी म्हटलं, चल, चर्च किती मोकळं दिसतंय ते बघ तरी. ती म्हणाली, "तू बघितलंस ना, झालं मग."

चर्चमध्ये एक नवाच उपद्रव सुरू झालाय. समोरच्या हॉस्पिटलात पेशंटसोबत आलेली माणसं दुपारी चटया बघून आत येतात आणि चक्क आडवी होतात. आधी दोघं-तिघं होती, आज भिंतीपासून भिंतीपर्यंत. कुणाच्या उशाला पिशवी, कुणाच्या चपला. मी चटया आणल्या त्या मुळांकडे जायला, आणि लोक घोरतायत. सुवाच्य अक्षरांत पाटी लिहिली, 'हे प्रार्थनास्थळ आहे. येथे झोपू नये. आज्ञेवरून, अध्यक्ष.' दाराशी लावून आलो.

१५ तारीख, रविवार

चटईवरचा पहिला रविवार. माझे डोळे भरून आले. तरुण मंडळी मांडी घालून बसली होती. विहारातल्या दोन-तीन आयाही लेकरं घेऊन आल्या होत्या, कारण तिकडे बाकांवरून पोरं पडतात म्हणे. आणि आपली ज्येष्ठ मंडळी. त्यांचं काय वर्णन करू? सगळी मागच्या भिंतीशी ओळीनं उभी राहिली, ती शेवटपर्यंत. एकही खाली बसलं नाही. इतका आदर मी या चर्चमध्ये कधी पाहिला नव्हता. काही जण तर प्रवचन संपायच्या आतच डोळे पुसत बाहेर पडले.

आई आली नाही. पाय दुखतायत म्हणाली. हिनं माझ्यासमोर चहा आपटला.

दाराशी लावलेली पाटी उलटी होऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. वारा फार आहे. सरळ केली.

१७ तारीख, मंगळवार

आईला बरं वाटतंय. काल सकाळी हिच्याबरोबर बाहेर गेली, आजही गेली. विचारलं तर ही म्हणाली, "जरा हवा खायला." येताना आईचा चेहरा पार बदललेला. दुपारी जेवलीही नीट. मला तर वाटतं, चर्चमध्ये जे वातावरण बदललंय त्याचा घरबसल्यासुद्धा परिणाम होत असावा.

पाटी पुन्हा उलटी. फादरना म्हटलं, वाऱ्याचं काहीतरी करायला हवं. ते म्हणाले, "वारा हट्टी आहे इथला." मग खिशात एक छोटी डबी टाकून लगबगीनं विहाराच्या दिशेनं गेले. कुणी आजारी असावं तिकडे.

२० तारीख, शुक्रवार

रोजच्या मिस्साला म्हातारी माणसं दिसेनाशी झाली आहेत. मुलांकडे गेली असतील, हवाबदलाला. बिशप यायच्या आत परत यावीत एवढंच. नाहीतर सगळं अंगाशी येईल.

औषधवाले रस्त्यात भेटले. छाती पुढे काढूनच बोलत होते. बाकांमुळे त्यांच्याकडे म्हणे वयस्कर श्रोत्यांची झुंबड उडालीय. "एक आजी तर सांगू, रोज पहिल्या बाकावर. हातात जपमाळ, डोळे मिटलेले. वंदना संपली तरी जागची हलत नाही. अशी श्रद्धा आमच्या जुन्या माणसांतसुद्धा नाही हो."

मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. अशी भाविक माणसं आपल्या वाट्याला का येत नाहीत? आईला हे मुद्दाम सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ठसका लागेपर्यंत हसली.

२२ तारीख, रविवार

हे लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

मिस्सा झाल्यावर जास्तीच्या चटया मागायला विहारात गेलो. दारात औषधवाले तोंडावर बोट ठेवून उभे होते. ती आजी कुणाची हे त्यांना एव्हाना कळलं असावं, मला बघताच त्यांचा चेहरा पडला. आत बघतो तर आपली सगळी म्हातारी मंडळी. ज्यांना मी हवाबदलाला धाडलं होतं ती सगळी बाकांवर, आपापल्या जुन्या जागी. आणि पहिल्या बाकावर आई, शेजारी ही. फादर ती डबी उघडून आईला ख्रिस्तप्रसाद देत होते. भन्तेजी एका बाजूला हात जोडून उभे होते. विहाराची माणसं मागे थांबलेली, त्यांच्यातली दोघं पंखा आजीबाईंकडे वळवायला धडपडत होती.

भन्तेजी माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "यांचं होईपर्यंत आम्ही वंदना थोडी पुढं ढकलली. कुणाची काही हरकत नाही. तुम्ही बसा ना."

मी बसलो नाही. तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. माझी बायको, माझी आई, माझे फादर. सगळ्या गल्लीला माहीत होतं, अध्यक्षाला तेवढं माहीत नव्हतं.

घरी आल्यावर फाडफाड बोललो. मी म्हटलं, मी हे सगळं कुणासाठी करतोय? तुला शेवटी त्याच चर्चमधून न्यावं म्हणूनच ना? आणि तू तिकडे जाऊन बसतेस?

आईनं शांतपणे चष्मा पुसला. म्हणाली, "मेल्यावर मला आडवीच करणार ना? तेव्हा चटई चालेल मला, गुडघे दुखायचे नाहीत. आत्ता जिवंत आहे. आत्ता मला बसायचंय."

ही आत निघून गेली. मी वही घेऊन बाहेर बसलोय.

२४ तारीख, मंगळवार

मान खाली घालून औषधवाल्यांकडे गेलो. म्हटलं, सगळी नकोत, एक बाक परत द्या, माझ्या आईपुरतं.

ते गंभीर झाले. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर खांद्यावर घालून पोचवलं असतं. पण आता तो समितीचा विषय आहे. बाकं ही आता आमची परंपरा आहे."

"अहो, तीन आठवडे नाही झाले."

"परंपरेला वय विचारू नये," ते म्हणाले.

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण हे वाक्य माझ्याही तोंडी शोभलं असतं. भन्तेजी मध्ये पडले, म्हणाले, न्या हो एक. पण औषधवाल्यांनी त्यांनाही नियम दाखवला. दोघांचं थोडं वाजलंच. शेवटी भन्तेजी मला गेटपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मी सांगितलं की ऐकतात सगळे, पण फक्त डोळे मिटून बसा म्हणतो तेव्हा."

घरात अबोला आहे. आई मात्र रोज वेळेवर हवा खायला जाते.

२८ तारीख, शनिवार

बिशप उद्या यायचे होते, ते आजच आले. दुपारी, न सांगता, रिक्षानं.

मला कळलं तेव्हा मी बनियनवर होतो. शर्टाची बटणं लावत धावलो. आत बघतो तर नेहमीचा प्रकार. हॉस्पिटलातली माणसं अंग टाकून पडलेली. विहारातून रोजचं जेवणाचं पातेलं आलेलं, फादर आणि भन्तेजी बाह्या सरसावून वाढतायत. हे रोज चालतं हेसुद्धा मला आजच कळलं. आणि बिशप दारात उभे राहून चपला काढतायत.

सगळं संपलं, असंच वाटलं मला. निदान चार माणसं तरी उठवावीत म्हणून सगळ्यात जवळच्या बाईला खांद्याला धरून हलवलं. "बाई, उठा, बिशप आलेत." ती धडपडून उठली आणि माझ्याकडे बघून पहिलं काय म्हणाली, तर "माझा मुलगा गेला का?" तिला वाटलं, मी वॉर्डातून आलोय.

फादर धावत आले, म्हणाले, "नाही हो ताई, काही नाही झालं. झोपा तुम्ही." बिशपांनी विचारलं, "कधीपासून आहात इथं?" ती म्हणाली, "पोरगा आयसीयूत आहे. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलं की वॉचमन उठवतो. इथं कुणी उठवत नाही, म्हणून येते." आणि मी अजून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. तो काढायचंही भान मला राहिलं नाही.

बिशप तिच्याशेजारी चटईवर बसले, तिच्याबरोबर जेवले, मुलाचं नाव विचारून घेतलं. उठायची वेळ आली तेव्हा मात्र घोडं अडलं. एकदा जोर केला, दोनदा केला. शेवटी एका बाजूनं फादर, दुसऱ्या बाजूनं भन्तेजी, असं करून त्यांना उभं केलं. बिशप कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चर्च चालू राहील. छताचं मी बघतो. ही चटयांची कल्पना कुणाची?"

फादरनी माझ्याकडे बोट दाखवलं.

नाही म्हणायची ती वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण बिशपांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं हवीत. माझ्या बाकीच्या चर्चमधूनही येऊन सांगा, लोकांच्या गरजा ओळखायच्या कशा." मी मान डोलावली. पाटी भिंतीकडे तोंड करून होती. मी स्वतःच ती खिळ्यावरून काढली आणि मागच्या खोलीत टाकून आलो.

आईला सांगितलं, चर्च वाचलं. तिनं देवाचे आभार मानले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे आता मरायला मोकळी झाले. जगायचं काय ते बघ."

२९ तारीख, रविवार

सकाळी जेवायच्या टेबलाची एक खुर्ची उचलली. ही म्हणाली, "अहो, कुठं?" म्हटलं, चर्चला. तिनं आईच्या पायात चपला सरकवल्या.

खुर्ची घेऊन अख्ख्या गल्लीतून गेलो. सांस्कृतिक अनुकूलन समितीचा अध्यक्ष, डोक्यावर उलटी खुर्ची. दुकानदार बघत होते. औषधवाले विहाराच्या दारातून बघत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. मागून आई काठी टेकत येत होती आणि मला सांगत होती, खड्डा आहे, पुढं बघ.

वेदीसमोर, जिथं तिचं बाक असायचं, तिथं खुर्ची ठेवली. ती बसली, पाठ टेकली आणि डोळे मिटले. मी तिच्या पायाशी चटईवर मांडी घातली. इतके दिवस मी या चटयांचं केवढं कौतुक केलं, पण अध्यक्ष म्हणून कायम उभाच होतो. मिस्साभर बसलो तो आजच. पाय आधी मुंग्यांनी भरले, मग पार हरवले. मांडी बदलली. पुन्हा बदलली. आई वरून बघत होती.

शुभवर्तमान वाचायची वेळ झाली आणि सगळे उभे राहिले. मी जोर केला. गुडघा सरळ होईना. हात टेकून पाहिला, तर प्लॅस्टिकवरून घसरला. सगळे उभे आणि मी एकटा खाली, लहान मुलासारखा. फादर पुस्तक उघडून माझ्यासाठी थांबले.

तेवढ्यात आई एका हातानं खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि दुसरा हात तिनं माझ्यापुढे केला.

"ऊठ," ती म्हणाली. मी तिचा हात धरून उठलो.

"पुढच्या रविवारी दोन आण."